‘काम करून घेतलं’ म्हणजे नक्की काय केलं?

पुरस्कार घेताना नट म्हणतो, “श्रेय सरांचं, त्यांनी माझ्याकडून काम करून घेतलं.” तोच नट सहा महिन्यांनी दुसऱ्या चित्रपटात इतका लाकडी दिसतो की हाच का तो, असं वाटतं. अभिनय तर नटानेच करायचा असतो. मग हेडफोन लावून मॉनिटरसमोर बसलेला माणूस त्यात काय करतो? शूटिंग बघायला गेलेल्याला तर काहीच उमगत नाही. अर्धा दिवस दिवे इकडून तिकडे होतात, मग कुणीतरी ओरडतं, चाळीस सेकंद काहीतरी घडतं, दिग्दर्शक उठून नटाच्या कानाशी दोन शब्द बोलतो आणि पुन्हा तेच सुरू.

खरं काम त्या दोन शब्दांत असतं. ते कळायला आधी नटाची अडचण कळायला हवी.

गोधडीचे तुकडे

नाटकात तिसरी घंटा झाली की नट दोन-अडीच तास सलग त्या पात्रात असतो. तिसऱ्या अंकातला राग त्याला आणावा लागत नाही, पहिल्या दोन अंकांनी तो चढवलेला असतो. चित्रपटात ही सोय नाही. वाडा चार दिवसांपुरता भाड्याने मिळालेला असतो, म्हणून वाड्यातलं सगळं त्या चार दिवसांत उरकायचं. सकाळी बापाचं तेरावं, दुपारी त्याच बापाशी भांडण, आणि संध्याकाळचा उजेड बरा पडलाय म्हणून दहा वर्षांपूर्वीचं लग्न.

हिशेब साधा आहे. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचं एक मिनिट. दोन तासांच्या चित्रपटाची १२० पानं, आणि शूटिंगला ३० दिवस धरले तर रोज चार पानं. म्हणजे बारा तासांच्या शिफ्टमधून हाती लागतात चार मिनिटं, तीही तुकड्या-तुकड्यांत. नटाला समोरचा तुकडा दिसतो. हा तुकडा ज्याच्या शेजारी शिवला जाणार आहे, तो कदाचित तीन आठवड्यांनी चित्रित व्हायचा असतो. अख्खी गोधडी फक्त दिग्दर्शकाच्या डोक्यात असते.

म्हणून सेटवरची सगळ्यात जास्त वापरली जाणारी सूचना अगदी साधी असते: तू कुठून आलास, मधे किती वेळ गेला आणि तुला अजून काय माहीत नाही. “जिना चढून आलायस. भांडणाला अर्धा तास झालाय. त्याने जमीन विकली हे तुला ठाऊक नाही.” यातली तिसरी गोष्ट हमखास निसटते, कारण नटाने पटकथा वाचलेली असते. शेवट त्याला ठाऊक असतो, पात्राला नसतो. पहिल्याच प्रसंगात उगाच गंभीर चेहरा करून फिरणारे नायक बहुधा इथे घसरलेले असतात.

दुसरी अडचण प्रेक्षकांची. नाटकात विनोद पडला की नाही, हे हशा सांगतो. कॅमेऱ्यासमोर हसायची सगळ्यांना बंदी असते. नटाला स्वतःचं काम दिसत नाही आणि समोरून दाद येत नाही. दिग्दर्शक हा त्याचा एकमेव प्रेक्षक.

पत्ता सांगताना ‘पोहोचा’ म्हणून चालत नाही

नवख्या दिग्दर्शकाची सूचना अशी असते: “अजून दुःखी हो.” “जरा इंटेन्स कर.” कुणी पत्ता विचारल्यावर “पोहोचा” म्हणण्यासारखं हे झालं. जायचं कुठे हे त्याला माहीत आहे; मारुतीच्या देवळापासून डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे त्याला हवंय. दुःख हा परिणाम आहे. तो थेट करायला गेलं की भुवया आक्रसतात, आवाज ओला होतो, आणि प्रेक्षकाला दुःखाऐवजी दुःख करणारा माणूस दिसतो.

कामाची सूचना क्रियापदाची असते. त्याला दारात अडव. तिच्याकडून ‘हो’ काढून घे. विषय बदल. या गोष्टी करता येतात, आणि त्या करताना समोरच्याकडे लक्ष द्यावंच लागतं. चेहरा त्याचा तो येतो.

एक प्रसंग जवळून बघू. मुलगी मुंबईची नोकरी सोडून अचानक गावी आली आहे. आई चुलीपुढे भाकऱ्या करतेय.

“आज मधेच?”
“सुट्टी होती.”
“कसली?”
“असंच.”

पहिल्या टेकला मुलगी खाली बघत, भरल्या गळ्याने “सुट्टी होती” म्हणते. गोष्ट तिथेच फुटली. उरलेल्या दोन वाक्यांना काम उरलं नाही. आता “एवढं रडू नकोस” म्हटलं तर पुढच्या टेकला ती आपल्या रडण्यावर पहारा देत बसेल. त्याऐवजी दिग्दर्शक तिला सांगतो, “आईला आज कळू द्यायचं नाही. शेवटची भाकरी होईपर्यंत निभावून ने.” आता तिला उद्योग मिळाला. ती जाळ सारते, परात जवळ ओढते. दुसऱ्या टेकला ती जरा जास्तच उत्साही होते, आनंदाचं सोंग दिसतं. इथे सराईत दिग्दर्शक तिला काहीच बोलत नाही. तो आईला बाजूला घेतो: “लेक अंगणात आली तेव्हाच तुला कळलंय. पण ती आपणहून सांगेपर्यंत विचारायचं नाही.” तिसऱ्या टेकला आई मान वर न करता, थापता थापता “कसली?” म्हणते, आणि मुलीचं “असंच” आपोआप उशिरा येतं. मुलीचा अभिनय सुधारला तो आईला दिलेल्या सूचनेने.

अशा सूचना बाजूला नेऊन, हळू आवाजात आणि एकाच माणसाने द्यायच्या असतात. चारचौघांत सांगितलेल्या सूचनेवर सगळं युनिट नटाला तपासत बसतं, आणि आईचं गुपित मुलीने ऐकलं तर त्याचा उपयोगच संपतो. सहायक, कॅमेरामन, निर्मात्याचे मेहुणे असे तिघे-चौघे तीन-चार गोष्टी सांगू लागले की नट सगळ्यांचं थोडं थोडं करतो आणि कुणाचंच धड होत नाही.

त्याच प्रसंगातली भाकरी

संवाद फार तर वीस-पंचवीस सेकंदांचा, पण भाकरीला तिचा वेळ लागतो. म्हणून प्रत्येक टेकच्या सुरुवातीला तव्यावरची भाकरी एकाच टप्प्यावर लागते: पाणी फिरवलेलं, उलटायच्या आधीची. कॅमेऱ्यामागे दुसरी शेगडी पेटलेली असते आणि तिथे कुणीतरी भाकऱ्या त्या टप्प्यापर्यंत आणून देत असतं. ज्वारीचं पीठ ताजं लागतं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असली तर थापताना भाकरी चिरते आणि टेक फुकट जातो. दहा टेकचं पीठ एकदम मळून ठेवलं तर दिव्यांच्या उष्णतेने ते वाळतं, म्हणून थोडं थोडं मळायचं. आणि नटीला भाकरी थापता आलीच पाहिजे. ते सेटवर शिकता येत नाही, तिने महिनाभर आधी घरी परात घेऊन बसायला हवं. हात चुकला की प्रेक्षकाला पहिल्या थापेलाच कळतं.

आता ध्वनिमुद्रक हात वर करतो: “सुट्टी होती”वर थापण्याचा आवाज पडतोय, शब्द वापरता येणार नाहीत. आवाज जागेवरच पक्का मुद्रित करायच्या पद्धतीला ‘सिंक साऊंड’ म्हणतात, आणि तिथे दोन आवाज एकमेकांवर पडले की नंतर वेगळे करणं फार जिकिरीचं असतं. तेव्हा ठरतं की मुलगी बोलेल तेव्हा आईचे हात थांबतील. थापांचा आवाज नंतर वेगळा घेऊन जोडू. तडजोड तांत्रिक आहे. पण हात थांबला, म्हणजे आई ऐकतेय. जे पटकथेत लिहिलेलं नव्हतं ते सापडलं. दिग्दर्शकाच्या कामाचा मोठा भाग असा असतो: अडचणीतून निघालेली गोष्ट ओळखायची आणि ठेवून द्यायची.

तीन सेंटीमीटरची जागा

नटाने भावना सांभाळायच्या, त्याच वेळी जमिनीवर चिकटवलेल्या टेपच्या खुणेवर, म्हणजे ‘मार्क’वर, न बघता थांबायचं. हट्ट कशासाठी? ८५ मिलिमीटरची लेन्स, एफ/२ इतकं, म्हणजे बरंच उघडलेलं छिद्र आणि चेहरा दीड मीटरवर असेल तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम तीन सेंटीमीटर भरते. डोळे स्पष्ट, कान धूसर. नट भावनेच्या भरात पाच सेंटीमीटर पुढे झुकला आणि फोकस सांभाळणारा चुकला, तर त्या दिवसाचं सर्वात चांगलं काम धूसर होऊन जातं. म्हणून दिवे लावायच्या आधी ‘ब्लॉकिंग’ होतं, म्हणजे कोण कुठून उठेल, कुठे थांबेल, कुठे बसेल हे ठरवणं. चांगला दिग्दर्शक हालचालीला कारण देतो. “इथे मार्क आहे म्हणून थांब” याऐवजी “इथून तुला खिडकीतला रस्ता दिसतो म्हणून थांब.”

मग ‘कंटिन्युटी’, म्हणजे तुकड्या-तुकड्यांमधलं सातत्य. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये नटाने ‘पण’ या शब्दावर उजव्या हाताने कप उचलला असेल, तर जवळच्या शॉटमध्येही त्याच शब्दावर, त्याच हाताने, तेवढ्याच चहाचा कप उचलायला हवा. नाहीतर संकलकाला दोन्ही जोडता येत नाहीत. एक सहायक याच नोंदी ठेवतो. तरी अनुभवी नट कप शक्यतो उचलतच नाहीत. हाताला काम जितकं कमी, तितकी संकलनात चूक कमी. भाकरीसारखा प्रसंग घ्यायला धाडस लागतं ते यामुळेच.

कुणाचा क्लोज आधी?

सामान्यतः आधी सगळा प्रसंग लांबून घेतात, त्याला मास्टर म्हणतात. मग एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा. आपल्याकडच्या सेटवर याला ‘सजेशन’ म्हणतात. शेवटी क्लोज, म्हणजे जवळून घेतलेला चेहरा. दिव्यांच्या दृष्टीने हा क्रम सोयीचा, नटाच्या दृष्टीने कधी कधी घातक. मास्टरमध्ये सगळं ओतून टाकलेला नट चार तासांनी क्लोजला येतो तेव्हा रिकामा झालेला असतो. आणि प्रेक्षक बघणार असतात तो क्लोजच.

त्यात माणसं दोन जातींची. काही जण पहिल्या-दुसऱ्या टेकला सर्वोत्तम देतात, मग शिळे होत जातात; लहान मुलं आणि नवखे बहुतेक यात मोडतात. काही जण चौथ्या-पाचव्याला उमलतात. नाटकात तालमींची सवय झालेले बरेचसे असे. दोघे एका प्रसंगात असतील तर लवकर पिकणाऱ्याचा क्लोज आधी घ्यायचा, तोवर दुसरा समोर उभं राहून ‘क्यू’ देत देत, म्हणजे आपली वाक्यं कॅमेऱ्याबाहेरून म्हणत, स्वतः तापतो. बडा नट आपला क्लोज संपवून व्हॅनमध्ये निघून गेला आणि सहायकाने कागदावरून सपाट क्यू वाचले, तर समोरच्याचं काम हमखास पडतं. पडद्यावर मात्र दोष त्या बिचाऱ्याचा दिसतो.

आणि कारण न सांगता “वन मोर” म्हणणं ही जुनी खोड आहे. नटाला वाटतं सगळंच चुकलं, आणि तो बरोबर होतं तेही बदलतो. आधी काय तसंच ठेवायचं ते सांगावं, मग बदल सांगावा, एकच. टेक तांत्रिक कारणाने गेला असेल तर तेही स्पष्ट सांगावं: “तुझं छान होतं, फोकस गेला.”

अभिनय न शिकलेली माणसं इतकं चांगलं काम कसं करतात?

‘सैराट’ २०१६ साली आला तेव्हा अकलूजच्या रिंकू राजगुरूला अभिनयाचा अनुभव नव्हता. राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये तिची विशेष दखल चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच घेतली गेली होती. ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी त्याआधी ‘फँड्री’तही सोमनाथ अवघडे या नवख्या मुलाला मध्यवर्ती भूमिका दिली होती, आणि त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे दिग्दर्शकाचं अर्धं काम निवडीतच झालेलं असतं. बोली, चाल, ऊन अंगावर घ्यायची सवय या गोष्टी कार्यशाळेत चढवता येत नाहीत, त्या घेऊन आलेला माणूस शोधावा लागतो. उरतं ते त्याची कॅमेऱ्याची भीती घालवणं. त्यासाठी वाक्यं पाठ करून घेण्यापेक्षा प्रसंग समजावून “तुझ्या शब्दांत सांग” म्हणणं बरं पडतं.

जास्त अवघड असतं शिकलेला आणि न शिकलेला एका चौकटीत बसवणं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील आहेत, आणि आरोपी लोकशाहिराच्या भूमिकेत नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार. कॅमेरा बराच मागे, स्थिर, शॉट लांबलचक. अशा शॉटमध्ये दहा-पंधरा माणसांपैकी एकाचंही चुकलं तर सगळं पुन्हा, कारण कापून लपवायला जागाच नाही. मेहनत दोन्ही दिशांनी करावी लागते. नवख्याला मोकळं करायचं आणि कसलेल्याला उतरवायचं, म्हणजे त्याची सफाई कमी करायची. दुसरं काम पहिल्यापेक्षा नाजूक.

“हे सगळं तर संकलनच करतं ना?”

हा आक्षेप जुना आणि अर्धा खरा आहे. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी इव्हान मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्या शेजारी जोडून दाखवला. बघणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यात भूक, शोक आणि इच्छा दिसली. प्रेक्षक अर्थ स्वतः भरतो, हे खरं. त्यामुळे चेहऱ्यावर कमी करा, ही सूचना आळसातून आलेली नसते. पण संकलकाला निवडायला काहीतरी लागतं. म्हणून हुशार दिग्दर्शक मनासारखा टेक मिळाल्यावरही एक वेगळा मागून ठेवतो: “आता हाच प्रसंग तू त्याला आधीच माफ केलंयस असं धरून.” सहा महिन्यांनी संकलनाच्या टेबलावर तोच टेक कधी कधी उपयोगी येतो.

“मग सरळ करूनच का दाखवत नाहीत?”

काही जण दाखवतात. चार्ली चॅप्लिन सगळ्यांच्या भूमिका करून दाखवायचे आणि तसंच करायला लावायचे. ‘सिटी लाइट्स’मधल्या (१९३१) आंधळ्या फूलवालीच्या एका छोट्या प्रसंगासाठी त्यांनी शेकडो टेक घेतले. पण त्यासाठी दिग्दर्शक चॅप्लिनएवढा नट असावा लागतो आणि वेळ व पैसा त्याच्या मुठीत असावा लागतो. एरवी करून दाखवलं की नट नक्कल करतो, आणि सगळी पात्रं दिग्दर्शकासारखी बोलू लागतात. असे चित्रपट आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. वेळ अगदीच कमी असेल, वाक्यात जोर कुठे द्यायचा एवढंच अडलं असेल, तर म्हणून दाखवायला हरकत नाही.

“खरी भावना हवी तर नटाला खरोखर छळावं लागतं”

हा समज मोठमोठ्या नावांच्या आडोशाने टिकून आहे. १९७२ च्या ‘लास्ट टँगो इन पॅरिस’मधल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगातला एक तपशील मारिया श्नायडर यांना मुद्दाम आधी सांगितला नव्हता, हे दिग्दर्शक बेर्नार्दो बेर्तोलुच्ची यांनी नंतर स्वतः मान्य केलं. चित्रीकरणाच्या वेळी त्या १९ वर्षांच्या होत्या. आपला अपमान झाल्यासारखं वाटलं, असं त्यांनी २००७ मध्ये सांगितलं. नैतिक प्रश्न तर उघडच आहे, पण निव्वळ धंद्याच्या हिशेबानेही ही पद्धत खोटी ठरते. खरी भीती एकदाच मिळते. क्लोजसाठी ती पुन्हा येत नाही, सातत्य राहत नाही, आणि त्यानंतर नट दिग्दर्शकावर विश्वास टाकत नाही. विश्वास गेला की तो सुरक्षित, सरधोपट काम करू लागतो.

आता यासाठी वेगळी माणसं असतात. जवळिकीचे प्रसंग नाचासारखे पावलापावलाने ठरवणाऱ्या जाणकाराला ‘इंटिमसी डिरेक्टर’ किंवा ‘कोऑर्डिनेटर’ म्हणतात. हिंदीत ‘गहराइयाँ’साठी (२०२२) हे काम दार गाय यांनी केलं. लहान मुलांबाबत कायदाच आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त आणि ओळीने २७ दिवसांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. त्याच्या मोबदल्यातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. पाच तासांत मेकअप, जेवण, कंटाळा सगळं येतं, त्यामुळे दिग्दर्शकाने मुलाचे शॉट दिवसाच्या सुरुवातीला, दिवे आधी लावून घेऊनच ठेवायला हवेत.

शूटिंग संपल्यावर

पॅकअप झाला तरी नट-दिग्दर्शकाची जोडी सुटत नाही. २००१ च्या ‘लगान’ने सिंक साऊंडचा मोठ्या प्रमाणावर वापर केला, पण रस्त्यावरची वाहतूक, जनरेटर, पावसाळा यांमुळे आजही बरेच संवाद स्टुडिओत पुन्हा म्हणावे लागतात. हे डबिंग. आपल्याच ओठांवर आपलेच शब्द बसवायचे. तेही थंडगार खोलीत, एकट्याने, प्रसंग संपून चार महिने झाल्यावर. ओठ जुळतात, पण वाक्य कोरडं येतं. कारण सेटवर आवाज नुसता घशातून आलेला नव्हता, त्यात वाकलेली पाठ होती, चुलीचा धूर होता, परातीवर टाकलेला भार होता. अशा वेळी दिग्दर्शक “अजून भाव आण” म्हणत राहिला तर पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. त्याऐवजी माइकसमोर बुटकं स्टूल ठेवायचं, आईला त्यावर वाकून बसवायचं आणि आवाज होऊ नये म्हणून पिठाऐवजी मांडीवर दुमडलेला टॉवेल द्यायचा. दोन-चार वेळा टॉवेल मळला, हात थांबवला, की “कसली?” बरोबर त्याच श्वासावर येतं.